हातची भेट : टोपडे आणि गोधडी



बाळंतविडा हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. घरात बाळ जन्मले की बाळ-बाळंतिणीसाठी आप्तेष्टांनी न्यावयाचा तो आहेर. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, गोधडी, जोडीला डिंकाचे लाडू आणि अळीव. पूर्वी यांतले बहुतेक सगळे घरीच तयार होत असे. आज झबली-टोपडी तालुक्याच्या बाजारात तयार मिळतात, स्वस्तही मिळतात. तरीसुद्धा आत्याने विणलेले टोपडे आणि आजीने शिवलेली गोधडी यांना वेगळा मान आहे. हा मान कशाचा, याविषयी पुष्कळ बोलले जाते. पण ती वस्तू करताना काय काय बिघडते आणि ते कसे सावरावयाचे, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. पहिलेच टोपडे बिघडले म्हणजे "आपल्या हाताला हे जमायचं नाही" असे म्हणून सुया ट्रंकेत जातात, त्या कायमच्या. म्हणून आज बिघडण्याविषयीच बोलावयाचे आहे.

आरंभ माझ्यापासूनच करतो. मी गणिताचा एम.ए. आहे आणि महाविद्यालयात तोच विषय शिकवतो. दोन-अडीच वर्षांपूर्वी माझ्या भाचीला दिवस होते. बाळंतविड्याची गोधडी आईने करावयाची हे ठरलेले होते, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लोकरीचे बारीक टाके तिला दिसेनात. तेव्हा टोपडे विणण्याचे मी अंगावर घेतले. लहानपणी तिनेच मला सुलट आणि उलट टाके शिकवले होते. एका पुस्तकात सहा महिन्यांच्या बाळाच्या टोपड्याची कृती सापडली : ऐंशी टाके घाला. मी ऐंशी घातले आणि पंधरा दिवसांत टोपडे पुरे केले. आईने ते हातात घेतले, बोटे आत घालून ताणून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हे बाहुलीचं झालं की!"

कृतीप्रमाणे एकही टाका कमी नव्हता. मग चूक कुठे झाली? कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, कारण ही चूक विणकामातली सर्वांत सामान्य चूक आहे.

प्रत्येक विणणाऱ्याचा हात वेगळा असतो. कोणी लोकर ओढून घट्ट विणते, कोणी सैल सोडते. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या हाताने वीस टाक्यांत दहा सेंटिमीटर रुंदी भरत होती. म्हणून ऐंशी टाक्यांत चाळीस सेंटिमीटर. सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण बेचाळीस सेंटिमीटर असतो आणि विणलेले कापड ताणते, म्हणून दोन सेंटिमीटर कमी धरलेले बरोबरच होते. पण माझा हात घट्ट. माझ्या वीस टाक्यांत आठच सेंटिमीटर भरत होते. म्हणजे ऐंशी टाक्यांत बत्तीस सेंटिमीटर झाले. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेरसुद्धा चौतीस सेंटिमीटरच्या आसपास असतो! वर्गात मुलांना वर्षानुवर्षे त्रैराशिक शिकवणारा मी घरी मात्र त्रैराशिक विसरलो होतो.

उपाय सोपा आहे. विणावयाच्याच लोकरीने, त्याच सुयांनी, आधी एक लहान चौकोनी तुकडा विणावा. तो धुऊन, सपाट पसरून वाळवावा आणि मग पट्टी लावून टाके मोजावेत. माझ्या हिशेबाने आठ सेंटिमीटरला वीस टाके, तर चाळीसला शंभर. हे शंभर टाके माझ्या हाताचे. तुमच्या हाताचा आकडा वेगळा येईल. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. विणकामात आधी आपला हात पाहावा आणि मग टाके घालावेत.

दुसरीही एक मोजणी असते, ती दिवसांची. बाळंतविडा बारशाला देतात, पण टोपडे थंडीत वापरावयाचे असते. बाळ वैशाखात जन्मले आणि तुम्ही बारशाच्या मापाचे लोकरीचे टोपडे दिले, तर ते वापराविनाच लहान होणार. तेव्हा थंडी येईल त्या वेळी बाळ केवढे असेल, हे बोटांवर मोजून माप धरावे.

आता बिघडलेल्या टोपड्याचे काय करावे? विणकामाचा एक मोठा गुण असा की ते उसवता येते. शिवलेले कापड एकदा कापले की कापलेच. विणलेल्या कापडाचा मात्र पुन्हा अखंड धागा होतो. फक्त उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. ती तशीच विणली तर टाके ओबडधोबड येतात. म्हणून उसवताना ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, सावलीत टांगावी. वाळली की धागा बऱ्याच अंशी सरळ होतो. मी तेच केले. पहिल्या टोपड्याला पंधरा दिवस लागले होते, दुसऱ्याला आठ पुरले.

एखादा टाका सुईवरून निसटला तर सगळे उसवण्याचे कारण नाही. निसटलेला टाका शिडीसारखा खाली खाली उसवत जातो. क्रोशाची सुई घेऊन त्याच शिडीच्या पायऱ्यांवरून त्याला एकेक करून वर आणता येते. नवशिक्यांनी आणखी एक युक्ती करावी. दर दहा ओळींनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा एक सुती दोरा ओवून ठेवावा. पुढे चूक झाली तर उसवणे त्या दोऱ्यापाशी थांबते. काम पुरे झाले की दोरा ओढून काढावा.

लोकर घेताना पुढचा-मागचा विचार न केल्यानेही पुष्कळ बिघडते. एक तर, लागेल तेवढी लोकर एकदमच घ्यावी. एकाच रंगाच्या पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लडींत बारीकसा फरक असतो. दुकानात तो दिसत नाही. अर्ध्या स्वेटरवर आडवी रेघ उठली म्हणजे दिसतो. दुसरे, लोकर म्हणून जो धागा विकला जातो त्यातला पुष्कळसा मेंढीचा नसतो, ॲक्रिलिकचा असतो. शिक्षकबंधूंना हा एक प्रयोगही करता येईल. एक तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळावा. मेंढीच्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरता येते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कठीण गोळी होते. प्रयोग मोठ्या माणसाने करावा, मुलांनी दुरून पाहावा.

हे ओळखणे कशासाठी? धुण्यासाठी. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे अतिसूक्ष्म खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात तो चोळला म्हणजे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होते. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. काश्मीरचा नमदा लोकरीच्या याच गुणामुळे तयार होतो. पण नमद्याचा गुण तो टोपड्याचा घात! म्हणून मेंढीच्या लोकरीचे कपडे थंड किंवा कोमट पाण्यात, न घासता धुवावेत. ॲक्रिलिकला ही भीती नाही, पण कडक इस्त्रीने ते कायमचे लुळे पडते. भेट देताना हे दोन शब्दांत सांगावे. नाहीतर तुमच्या महिन्याच्या कष्टांवर कोणीतरी अजाणता उकळते पाणी ओतते आणि दोष मात्र कोणाचाच नसतो.

आणि लोकरच पाहिजे असेही नाही. इजिप्तमध्ये सापडलेले, शेकडो वर्षांपूर्वी विणलेले काही जुने मोजे सुती आहेत. आपल्या उन्हाळ्यात जन्मणाऱ्या बाळाला मऊ सुती दोऱ्याचे टोपडेच सोसते.

आता गोधडीकडे वळू. तिला कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. रचना एकच : वरचे कापड, खालचे अस्तर आणि मधे जुन्या कापडाचे थर, हे सगळे धावदोऱ्याने एकत्र शिवलेले. ऊब येते ती नुसत्या कापडाची नव्हे, थरांमध्ये कोंडलेल्या हवेची. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याची चौपदरी घडी घातली की दोन मीटरांहून थोडी अधिक लांबी येते, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचा आतला भर एका लुगड्यात होतो. बाळाच्या गोधडीला एवढे नको. मीटरभर लांबी-रुंदी आणि तीन-चार पातळ थर पुरेत.

जुनेच कापड का वापरतात? काटकसर हे कारण आहेच. पण दुसरेही आहे. जुने सुती कापड शंभर वेळा धुऊन झालेले असते. जेवढे आटावयाचे तेवढे आटलेले, जेवढा रंग जावयाचा तेवढा गेलेला, खळ निघून मऊ झालेले. म्हणजे नव्या कापडाचे सगळे खोडसाळपण त्याने आधीच करून घेतलेले असते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक होते.

माझ्या हाताला ठाऊक नव्हते. आईने बाळाच्या अंगाकडच्या बाजूला वडिलांचे धोतर घेतले होते. वडील जाऊन चार वर्षे झाली होती. आईने ठेवलेले ते शेवटचे धोतर. वरच्या बाजूला तिच्या हिरव्या लुगड्याचे तुकडे. कडेला लाल पट्टी हवी, म्हणून मी दुकानातून नवे लाल कापड आणले. आईने विचारले, "धुतलंस का रे?" बारसे आठ दिवसांवर आलेले. घाईच्या भरात मी "हो" म्हटले. नुसते पाण्यातून काढले होते, तेच धुणे समजून. पट्टी शिवून झाली, गोधडी एकदा धुतली, आणि धोतराच्या पांढऱ्यावर गुलाबी डाग पसरले. तीन वेळा पुन्हा धुऊनही पुरते गेले नाहीत. आई काही बोलली नाही. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरे वाटले असते.

म्हणून सांगतो, नवे रंगीत कापड पांढऱ्याशेजारी लावण्याआधी त्याचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. फडके रंगले तर कापड पुन्हा पुन्हा धुवावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग कायमचा पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नये. आणि तरीही रंग जातच राहिला, तर ते कापड परत ठेवून द्यावे. जुन्या साडीचा काठ काय वाईट?

गोधडीतला दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे पोटात चुण्या पडणे आणि आतले कापड गोळा होणे. शिवताना हात वाकडा पडला असे आपण म्हणतो, पण खरे कारण मांडणीत असते. जमीन सपाट पाहिजे. एकेक थर पसरून तळहाताने मधून कडेकडे निपटावा, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि सगळे थर लांब लांब कच्च्या टाक्यांनी आधी जोडून घ्यावेत. मग पक्का धावदोरा. आपल्याकडच्या पुष्कळ बायका कडेने सुरुवात करून फेरे घेत मध्याकडे येतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायकाही आपली कवंदी नावाची गोधडी तशीच कडेकडून आत शिवत जातात. कडेकडून आत या, की मधून बाहेर जा. प्रत्येक फेऱ्याला चुणी पुढे सरकवीत राहणे महत्त्वाचे. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. जरीचे आणि जाड काठ आधीच काढून टाकावेत, बाळाच्या अंगाला ते टोचतात.

येथे थोडे थांबून एक विचार मांडतो, कारण आमच्या घरी त्यावरून वाद झाला होता. गोधडी पाहताना माझ्या लक्षात आले की आईचे सुरुवातीचे टाके तांदळाच्या ओळीसारखे बारीक आहेत आणि मध्याकडे येता येता ते मोठे, तिरपे, वेडेवाकडे झाले आहेत. तिला दिसतच नव्हते. बोटांनी चाचपून ती शिवत होती. मी म्हटले, मधले टाके उसवून पुन्हा घालू या. ताई म्हणाली, "अरे, राहू दे. घट्ट आहेत ना? मग झालं तर."

मला तेव्हा ते पटले नाही. पुढे विचार करता त्यातला नेम सापडला. चुका दोन जातींच्या असतात. एक बाळाला टोचणारी आणि दुसरी नुसती आपल्या डोळ्याला टोचणारी. पहिली चूक कितीही मेहनत वाया गेली तरी उसवली पाहिजे. डोक्यात न जाणारे टोपडे, सैल सुटलेले बटण, गळ्याभोवती आवळू शकतील असे लांब बंद, हातमोज्याच्या आत सुटलेले धागे, या सगळ्या पहिल्या जातीच्या चुका. सुट्या धाग्याचा फास बाळाच्या इवल्या बोटाला बसतो आणि कोणाला कळतही नाही. म्हणून हातमोजे-पायमोजे नेहमी उलटे करून तपासावेत. डॉक्टर असेही सांगतात की तान्ह्या बाळाच्या अंगावर जाड, सुटे पांघरूण टाकून त्याला एकटे झोपवू नये. ते तोंडावर आले तर बाळाला दूर सारता येत नाही. झोपेत टोपडेही काढून ठेवावे. गोधडी बाळ जागे असताना खाली अंथरावयाला, मांडीवर घ्यावयाला. पांघरावयाला ती थोडे मोठे झाल्यावर. हे देणाऱ्याने स्वतःच सांगितले तर घेणाऱ्याला संकोच पडत नाही.

दुसऱ्या जातीची चूक, म्हणजे एखादा तिरपा टाका किंवा न जुळलेला रंग, राहू द्यावी. ती काढण्याच्या नादात कापड विरते, दिवस जातात आणि भेट द्यावयाचीच राहते. आमच्या गोधडीवरचा सर्वांत मोठा गुलाबी डाग ताईने हिरव्या लुगड्याच्या ठिगळाने झाकला. लहान डाग तसेच राहिले. आईचे टाके तसेच राहिले.

वस्तू झाली. आता ती देणे. यातही अपयश येते, आणि ते मोठमोठ्यांनाही आले आहे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचे लग्न झाले. महात्मा गांधींनी तिला भेट पाठवली. त्यांच्याजवळ देण्यासारखे दुसरे काय असणार? त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे एक लहानसे, जाळीदार विणकामाचे वस्त्र करवून घेतले होते आणि त्यात 'जय हिंद' ही अक्षरे गुंफलेली होती. लग्नाच्या भेटी राजवाड्यात मांडून ठेवल्या होत्या. वधूची आजी राणी मेरी हिने ते वस्त्र पाहिले, आणि गांधीजी नेसत तो पंचाच त्यांनी पाठवला असा समज होऊन ती नाराज झाली! सूत तेच, वस्त्र तेच; पण ते काय आहे हे पाहणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. मात्र वधूने ते टाकले नाही. पुढे ती राणी झाली आणि सत्तर वर्षांनंतर, २०१८ साली, भारताचे पंतप्रधान लंडनला गेले तेव्हा तिने ते जपून ठेवलेले वस्त्र त्यांना दाखवले. एवढ्या मोठ्या भेटीलाही दोन शब्दांची जोड लागते, मग तुमच्या-आमच्या भेटीची काय कथा? देताना सांगावे : हा तुकडा अमक्याच्या धोतराचा, हा आजीच्या लुगड्याचा, थंड पाण्यात धू. असे सांगितले नाही तर ते नुसते जुनेर दिसते.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. १९३७ साली वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यात हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार गांधीजींनी देशापुढे ठेवला. त्या विचाराचे पुढे काय झाले, हा वेगळा विषय आहे. पण त्रैराशिक शिकवण्यासाठी दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा यांच्याइतके स्वस्त साधन मला तरी दिसत नाही. मुलगे आणि मुली दोघांनाही एक चौकोनी तुकडा विणावयाला द्या. प्रत्येकाचे टाके मोजा. एकाच वर्गात, एकाच लोकरीचे वीस टाके किती निरनिराळ्या लांबीचे होतात ते फळ्यावर मांडा. गणित तर येईलच. शिवाय चूक झाली तर उसवून पुन्हा घालावयाची असते, त्यासाठी रडावयाचे नसते, हेही येईल.

आमच्या गोधडीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. पावसाळ्यानंतर आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी भाची बाळाला घेऊन आली. आईने गोधडी उजेडात धरली आणि ती हबकलीच. "अगंबाई, हे मी शिवलं? आण इकडे, उसवून नीट करून देते." तिने खरोखरच सुई-दोरा काढला. पण बाळाने गोधडीचा कोपरा मुठीत धरला होता, आणि तो सोडवू गेले की भोकाड पसरत होते. शेवटी आईने सुई खोचून ठेवली. ती सुई अजून तशीच डब्यात आहे. बाळ आता दोन वर्षांचे झाले. गोधडी ओढत घरभर फिरते, आणि मी आणलेल्या त्या लाल पट्टीचा रंग, इतक्या धुण्यांनंतर, आता कुठे जावयाचा थांबला आहे.